सरांना सांगू नकोस

काल संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. जोरदार पावसाचा इशारा असल्यानं उद्या सर्व वर्गांना सुट्टी. जुईनं, म्हणजे माझ्या धाकट्या मुलीनं, सोफ्यावर चढून उडी मारली. थोरली मुक्ता यंदा दहावीला. तिनं मेसेज वाचला, "बरं" म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. काल माझी साप्ताहिक सुट्टी होती. दिवसभर मी काडीचं काम केलं नव्हतं, तरी माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या. 'शाळा बंद' एवढं ऐकलं की माझे पाय आपोआप दमतात. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं वय झालंय रे, दुसरं काही नाही."

असेल. पण हे दुखणं वयाचं नाही, सात वर्षांपूर्वीचं आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

आज सकाळी उठून बघतो तर कडक ऊन. इशारा आला की ऊन पडायचं, हे आमच्या मुंबईचं ठरलेलंच. मुक्ता जेवणाच्या टेबलाशी गणितं घेऊन बसली होती. मी फ्रिजमधून दूध काढलं आणि सवयीनं फ्रिजच्या डोक्यावर हात फिरवला. तिथे आता धूळ असते आणि माझ्या वडिलांच्या गोळ्यांचा डबा. त्या वर्षी तिथे वह्या असायच्या.

त्या वर्षी मुक्ता तिसरीत होती आणि जुई मोठ्या शिशूत. दोघींची शाळा एकच, मुलुंड पूर्वेला, आमच्या बिल्डिंगपासून चालत बारा मिनिटांवर. जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात छताचा भलामोठा तुकडा बाकांवर कोसळला. रविवार होता म्हणून नुसती बाकंच मोडली. मंगळवारी इंजिनिअर आले, त्यांनी भिंतींवर हातोडीनं ठकठक करून पाहिलं, आणि बुधवारी फाटकावर पाटी लागली की इमारत धोकादायक आहे. मोठ्या वर्गांना दुसऱ्या एका शाळेत दुपारची जागा मिळाली. चौथीपर्यंतच्या पोरांना कुणी जागा देईना. मुख्याध्यापिका बाई फाटकाबाहेर छत्री धरून उभ्या राहिल्या आणि पालकांना म्हणाल्या, "पंधरा दिवस घरी सांभाळून घ्या. दर सोमवारी अभ्यासाचे कागद मिळतील. एकाही मुलाला मागे पडू देऊ नका." ते पंधरा दिवस लांबत लांबत दिवाळीपर्यंत गेले. बाईंना दोष देत नाही मी. त्या बिचाऱ्या रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होत्या.

आमच्या घरात सकाळी रिकामा माणूस एकच होता, तो म्हणजे मी. वैशाली, माझी बायको, पवईला एका ऑफिसात आहे. ती आठला बाहेर पडते ती सातला उगवते. माझे वडील, अण्णा, घरीच असतात. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मिळेल ते काम केलं, आता गुडघ्यांनी संप पुकारलाय. कोकणातून आले ते साल त्यांना आठवत नाही, पण बोलणं अजून तिकडचंच आहे. आणि मी विमानतळाजवळच्या एका कार्गो शेडमध्ये, तेव्हा कायमचा दुसऱ्या पाळीला. तीन ते अकरा. घरी येऊन पाठ टेकायला एक वाजायचा.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या पाळीमुळे मुक्ता मला रोज फक्त बारा मिनिटं भेटायची. ती शाळेला निघायची तेव्हा मी घोरत असायचो, मी परतायचो तेव्हा ती झोपलेली असायची. जुईचा वर्ग लवकर सुटायचा, तिला शेजारच्या काकू आपल्या नातीबरोबर घेऊन यायच्या. मुक्ताची शाळा सव्वाबाराला सुटायची आणि तिला आणायला मी जायचो. घरी आलं की माझी जेवणाची घाई, डबा, बस. म्हणजे काय ती आमची भेट फाटकापासून घरापर्यंत. ती धावत यायची, दप्तर काढून माझ्या खांद्यावर अडकवायची आणि तिथून तिचं तोंड सुरू व्हायचं. बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला आणि त्यांनी स्टेपलर मारला. कुणीतरी डब्यात घावणे आणले होते आणि चौघींनी मिळून एक खाल्ला. फळा पुसताना डस्टर खिडकीतून खाली गेला तो थेट शिपाईमामांच्या चहात. खरं सांगतो, मी अर्धंच ऐकायचो. "हो का? मग?" एवढंच म्हणायचो. पण संध्याकाळी सहा वाजता, शेडच्या मागे चहाचा कागदी कप घेऊन उभा राहिलो, की तो डस्टर चहात पडलेला दिसायचा आणि मी एकटाच हसायचो. त्या शेडमध्ये एकवीस वर्षं काढली मी. दिवसातून एकदा हसायला मला तेवढं पुरायचं.

शाळा बंद झाली तेव्हा ही बारा मिनिटं जाणार आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. उलट वाटलं, आता चार तास मिळणार! काय तो उत्साह होता. मी एक फळा आणला, डस्टर आणला. घंटा म्हणून स्टीलचं ताट आणि लाटणं. घंटा वाजवायचं काम जुईनं रडून मिळवलं. आधी प्रार्थना, मग प्रतिज्ञा, मग हजेरी. वर्गात मुलं दोन, पण हजेरी रोज व्हायची. मुक्ता मॉनिटर. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारून हजेरीपट तयार केला आणि त्यात तीन नावं लिहिली. मुक्ता, जुई, सर. अण्णा खाटेवर बसून बघायचे. ते आमचे इन्स्पेक्टर.

'सर' ही माझी कल्पना. पहिल्याच दिवशी मी शेडचं ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि मुलींना सांगितलं, "हे गळ्यात आहे तोवर मी बाबा नाही. आठ ते बारा मी सर. लाडीगोडी नाही, मांडीवर बसणं नाही, आणि अहो-जाहो करायचं." शेडमध्ये आम्ही असंच वागतो. ओळखपत्र गळ्यात पडलं की तिथे कुणी कुणाचा मित्र नसतो, नाहीतर काम होत नाही. मला वाटलं, शाळेलाही हे चालेल. वैशालीला ते फार गमतीशीर वाटलं, ऑफिसला निघताना तिनं आमचा फोटोसुद्धा काढला. त्यात मी ताठ उभा आहे आणि मुक्ता माझ्याकडे जरा अनोळखीच नजरेनं बघतेय. तो फोटो आता बघवत नाही.

माझं काम असं आहे. शेडमध्ये खोकी येतात. त्यांचं वजन करायचं, कागदाशी ताडून पाहायचं, वरची चिठ्ठी नीट आहे का बघायची. कागदावर चाळीस किलो असेल आणि काट्यावर एकेचाळीस भरलं, तर ते खोकं पिवळ्या पट्ट्यामागे जातं. त्याला आम्ही होल्ड म्हणतो. आत आंबे असोत नाहीतर औषधं, मला फरक पडत नाही. पडून चालत नाही. दुरुस्त कागद येईपर्यंत ते तिथंच. खोक्यावर लाल मार्करनं मोठी फुली. एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचं खोकं पुढे गेलेलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

आणि मी हेच घरी केलं. मला दुसरं येत काय होतं? वहीत चूक दिसली की लाल पेनची फुली, आणि वही फ्रिजवर. "होल्ड," मी म्हणायचो. चुकलेलं गणित पाच वेळा बरोबर करून दाखवलं की वही परत. जुईच्या वहीत चुका व्हायला फारसं काही नसायचंच, ती हत्तीला सहा पाय काढायची आणि मजेत असायची. मुक्ताच्या वह्या मात्र फ्रिजवर चढत गेल्या. जुलै संपेपर्यंत तिथे गणिताच्या दोन, मराठीची एक आणि परिसर अभ्यासाची एक अशा चार वह्या होत्या. ती भिंतीला टेकून मान वर करून त्यांच्याकडे बघायची. हात पोचत नव्हता तिचा.

एका सुट्टीच्या दिवशी वैशाली पाणी प्यायला आली आणि त्या वह्या बघून थांबली. म्हणाली, "अरे, मुलगी आहे ती. पार्सल नाही."

मी भडकलो. "मग तू शिकव ना! मी काय मजा मारतोय इथे?" तिनं ग्लास ठेवला आणि कणीक मळायला घेतली. ती कधी शिकवणार होती? तिलाही पवईहून यायला दीड तास लागायचा आणि आल्यावर सगळा स्वयंपाक तिचाच असायचा. त्या काळात आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते फक्त दूध, गॅस आणि अण्णांच्या गोळ्या यांच्याबद्दल.

दमणूक कशी असते हे लोकांना सांगता येत नाही. झोप कमी झाली की माणूस वाईट होतो, इतकं मला त्या पावसाळ्यानं शिकवलं. भागाकार शिकवायचा तर पुस्तकातली रीत वेगळी, माझ्या लहानपणची वेगळी. बेचाळीस गोट्यांचे सहा गट करा म्हणे, गोल काढून. मी आदल्या दिवशी बसमध्ये ते पान वाचायचो आणि सकाळी विसरलेला असायचो. मग पुस्तक फळ्यामागे धरून हळूच बघायचो. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, दोरीवर सुकत न सुकणारे कपडे, घरभर त्यांचा ओला वास, आणि मी ओरडतोय, "सहा सत्ते किती? काल सांगितलं होतं ना? किती?" एकदा अंगात ताप होता तेव्हाही मी खाटेवर आडवा पडून पाढे घेतले. अण्णा म्हणाले, "आज सुट्टी दी." मी दिली नाही. एकाही मुलाला मागे पडू देऊ नका, हे बाईंचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं.

मग तो श्रुतलेखनाचा दिवस. मी धडा वाचत होतो, मुली लिहीत होत्या. कधी डोळा लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा घड्याळात पंचवीस मिनिटं पुढे गेली होती. जुईनं पेननं माझ्या हातावर फुलं काढून ठेवली होती आणि ती खेळायला पळाली होती. मुक्ता मात्र तशीच बसली होती. पेन कागदावर टेकवलेलं, डोळे माझ्याकडे. शेवटचा शब्द 'आणि' होता. 'आणि' लिहून ती पुढच्या शब्दाची वाट बघत होती. पंचवीस मिनिटं.

"अगं, उठवलं का नाहीस?"

"सरांना उठवायचं असतं का?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. मी "बरं, पुढे लिही" म्हणालो आणि पुढचं वाक्य सांगितलं. आठ वर्षांची पोर, जिचं तोंड बारा मिनिटांत एकदाही बंद व्हायचं नाही, ती पंचवीस मिनिटं माझ्यासमोर गप्प बसून राहिली होती.

अण्णांना ते आधीच कळलं होतं. त्या दुपारी मी डबा भरत होतो तेव्हा ते मुक्ताकडे बघून म्हणाले, "अरे, तां चेडू बोलूचा बंद झाला हा. तुका कळता काय?"

"अभ्यास करतेय ती, अण्णा."

"अभ्यास करता तां दिसता माका. बोलणा नाय, तां सांगतंय."

मी घड्याळ दाखवलं आणि निघालो. पवईच्या रस्त्यावर बस अडकली तेव्हा पिशवीतून तिची मराठीची नवी वही काढली, तपासायची राहिली होती म्हणून. निबंध होता, 'पावसाळ्यातला एक दिवस'. पाच ओळी. पावसाळ्यात पाऊस पडतो. झाडे हिरवी होतात. आम्ही छत्री घेतो. बेडूक डराव डराव करतो. मला पावसाळा आवडतो. एकही चूक नव्हती. मी खाली 'बरोबर' लिहिलं, वही मिटली आणि मग पुन्हा उघडली. हिला डस्टर चहात पडलेला दिसतो. हिला चपलेला मारलेली स्टेपलरची पिन दिसते. आणि हिनं पावसाळ्यात पाऊस पडतो असं लिहिलंय. जे लिहून चूक होणार नाही तेवढंच लिहायचं, हे ती माझ्याकडून शिकली होती. त्या संध्याकाळी चहाच्या वेळी मी आठवायला गेलो, आज तिनं काय सांगितलं? काही नाही. काल? काही नाही. सांगणार तरी काय? दिवसभर जे झालं ते मीच केलेलं होतं. आणि त्याची तक्रार करायला तिला दुसरं माणूस कुठे होतं? शाळा घरात आणली तेव्हा तिच्याकडचा बाबा मी काढून घेतला होता. तो चहा मी तसाच टाकून दिला.

तरीही मी काही बदललं नाही, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळखपत्र, हजेरी, लाल पेन. दमलेल्या माणसाला आपलं चुकतंय हे कळतं, पण थांबायला लागणारी ताकद नसते. बदललं ते मुक्तानं.

गणपती आठवड्यावर आले होते. बाराला दहा कमी होते. मुक्तानं हात वर केला.

"सर, आज मला न्यायला बाबा येणार आहे का?"

जुई फिदीफिदी हसायला लागली. अण्णांनी पेपर खाली केला. मुक्ता हसत नव्हती.

"का गं?" मी विचारलं.

"मला त्याला काहीतरी सांगायचंय."

"मग मला सांग की."

"तुम्हाला नाही."

मी खडू खाली ठेवला. मग म्हटलं, "येईल. सांगतो मी त्याला." जुईनं ताट बडवलं. मी ओळखपत्र काढून खुंटीला टांगलं, चपला घातल्या आणि खाली उतरलो. बिल्डिंगच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो, शाळेच्या बाहेर राहायचो तसा. लाज वाटत होती. वॉचमननं दोनदा विचारलं, कुणाची वाट बघताय?

ती आली. चालत आली, धावत नाही. माझ्याकडे नीट बघून घेतलं, गळ्यात काही नाही ना हे तपासलं, मग दप्तर काढून माझ्या खांद्यावर अडकवलं. आम्ही घरापासूनच निघालो होतो, त्यामुळे घरी जायला लांबून जाणं भाग होतं. बागेच्या कडेनं, मार्केटच्या मागून, पाटी लागलेल्या शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. बागेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली,

"आमचे सर ना, खूप ओरडतात."

"हो का?"

"हो. आणि लाल पेन एवढं दाबतात की पुढच्या पानावर पण फुली उमटते. म्हणजे ते पान मी लिहायच्या आधीच चुकलेलं असतं."

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. अगं, मी झोपत नाही, मला वेळ नाही, तुझ्याच भल्यासाठी. पण दप्तर माझ्या खांद्यावर होतं. म्हणजे मी बाबा होतो, आणि हे सगळं सांगायचा हक्क सरांचा होता, ते तिथे नव्हते. मी इतकंच म्हणालो, "मग?"

मग काय, तोंड सुरू झालं. दोन-अडीच महिन्यांचं साठलेलं. सर घोरतात. सरांना भागाकार येत नाही, ते फळ्यामागे पुस्तक धरतात आणि त्यांना वाटतं कुणाला दिसत नाही. सरांनी तिची मराठीची वही ठेवून घेतलीय, त्यात तिनं मागच्या पानावर आंब्याच्या झाडावरच्या खारीची गोष्ट लिहायला घेतली होती, ती अर्धीच राहिली. बोलता बोलता ती थांबली आणि विचारलं, "सरांना मुली आहेत का रे?"

"आहेत. दोन."

"बिचाऱ्या," ती म्हणाली.

आमच्या फाटकाशी आल्यावर तिनं दप्तर परत घेतलं आणि बोट दाखवून बजावलं, "बाबा, सरांना सांगू नकोस हं."

"नाही सांगणार."

मी शब्द पाळला. सरांना काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी डबा भरायच्या आधी फ्रिजवरच्या चारही वह्या खाली काढून तिच्या कप्प्यात ठेवल्या, आणि लाल पेन शेडमध्ये नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सर पेन्सिलीनं तपासायला लागले. मुक्तानं ते बघून घेतलं. सव्वाबाराला, बागेच्या कडेला, म्हणाली, "सर जरा बदललेत. कुणीतरी सांगितलं वाटतं त्यांना."

"मी नाही सांगितलं."

"हं," ती म्हणाली, आणि हसली. कित्येक आठवड्यांनी.

त्यानंतर दिवाळीपर्यंत रोज. जेवण उभ्यानं उरकायला लागायचं, दोनदा बस चुकली आणि एकदा शेडमध्ये बोलणी खाल्ली. माझी दमणूक काही कमी झाली नाही. ओरडणंही पूर्ण बंद झालं असं म्हणणार नाही, मी काही संत नाही. पण ओरडलो की सव्वाबाराला मलाच ते ऐकावं लागायचं, अगदी माझ्या आवाजाच्या नकलेसकट. स्वतःबद्दल इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, ना साहेबांनी, ना बायकोनं.

दिवाळीनंतर शाळेला जवळच्याच एका इमारतीत चार खोल्या मिळाल्या. आदल्या दिवशी मी शेवटचं एकदा ओळखपत्र काढलं, खाली जाऊन उभा राहिलो. मुक्ता त्या दिवशी फार काही बोलली नाही. मार्केटच्या मागे कंदिलांची दुकानं आवरत होते, तिथे म्हणाली, "उद्यापासून सर नाहीत."

"नाहीत."

"तसे वाईट नव्हते ते. शिकवता येत नव्हतं, एवढंच." थोडी चालली. "मी हजेरी मांडली होती ना, त्यात जुई अकरा दिवस गैरहजर आहे. मी दोन. सर एक पण नाही. ताप होता तेव्हा पण आले होते." मग माझा हात ओढून म्हणाली, "पण हे सांगू नकोस त्यांना."

"हे का नको?"

"त्यांना वाटेल मी मस्का मारतेय."

यानंतर दोन वर्षांनी सगळ्या जगाचीच शाळा घरात आली. लोक घाबरले होते, आम्ही जुने खेळाडू. पण तेव्हा शिकवणारे पडद्यावर होते, माझं काम नुसतं चार्जर शोधायचं. मुक्ता सहावीत गेली तशी मैत्रिणींबरोबर येऊ-जाऊ लागली. मला आता फिरत्या पाळ्या असतात, त्यामुळे आम्ही दोघं रोज कितीतरी तास एका घरात असतो. बारा मिनिटांच्या कितीतरी पट. आणि बोलणं म्हणाल तर "हं", "काही नाही", "बरं". वैशाली म्हणते वय आहे तिचं. इथेही वयच! मी विचारायला जातो, कसा गेला दिवस, तर ती म्हणते, "नेहमीसारखा." खोलीचं दार लागतं. मग मी वर्तमानपत्र उघडतो आणि एकच बातमी तीनदा वाचतो. ती परत कधी बोलेल का, ही भीती माझी जुनीच आहे. फक्त आता तिच्यासाठी काय करावं हे सुचत नाही, आणि या वेळी हात वर करणारंही कुणी नाही असं वाटत होतं.

या आठवड्यात माझी पुन्हा दुसरी पाळी आहे. बाराच्या सुमाराला जुईला कंटाळा आला. बारा वर्षांची घोडी झालीय, पण हिनं स्वयंपाकघरातून ताट आणि लाटणं आणलं आणि बडव बडव बडवलं. अण्णांना आता कमी ऐकू येतं, तरी ते खाटेवरून म्हणाले, "शाळा सुटली काय गो?"

मुक्तानं पेन खाली ठेवलं. गणिताची वही, पुस्तक, कंपास, एक एक करून दप्तरात भरलं. मला वाटलं खोलीत जातेय. ती दाराशी जाऊन चपला घालायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाली ये ना."

तिच्याआधी मी उतरलो. चिरायला घेतलेला कांदासुद्धा तसाच हातात घेऊन उतरलो होतो, तो वॉचमनच्या टेबलावर ठेवला. ती आली आणि दप्तर माझ्या खांद्यावर अडकवलं. केवढं जड झालंय आता! बागेपर्यंत गप्प. मी काही विचारलं नाही, तेवढं शिकलोय.

"दमलेय रे बाबा," ती म्हणाली. "सगळे सारखे मार्क मार्क करतात. क्लासमध्ये चुकलं की सर सगळ्यांसमोर पेपर वाचून दाखवतात. मी हल्ली येत असलेलं पण सोडून देते."

"मग?"

मग ती बोलली. बाग संपली, मार्केट गेलं, पाडून रिकाम्या झालेल्या शाळेच्या जागेपाशी आलो. तिथे आता पत्रे लावलेत. ऊन डोक्यावर होतं, माझी पोटरी ठणकत होती, एक वाजत आला होता. आज बस चुकणार हे मला दिसत होतं आणि मी चालत होतो.

परत वळताना ती म्हणाली, "तिसरीतले ते सर आठवतात तुला?"

"आठवतात की."

"त्यांच्याबद्दल मी एक सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी. सांगू नकोस म्हटलं होतं."

"नाही सांगितलं."

"खरंच?"

"तू नको म्हणाली होतीस ना."

 फाटक दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "आता सांग. आता सांगितलं तरी चालेल."

"बरं, सांगतो," मी म्हटलं.  पाऊसही नव्हता, तोंड लपवायला छत्री नव्हती. तिनं पाहिलं आणि दप्तराकडे हात पुढे केला.

"दे इकडे, जड आहे."

"असू दे," मी म्हटलं, आणि जिना चढायला लागलो.